जुईची बोट आणि भिंतीवरची मंडळी

बोट यायला तीन तास आणि निघून जायला तीन मिनिटं. मधल्या वेळात माणसं काय करणार, बोलतात. एकाचं ऐकून दुसऱ्याला काहीतरी आठवतं, दुसऱ्याच्या बोलण्यातून तिसऱ्याचं निघतं. संध्याकाळी घरी जाताना, पोराने समुद्रावरून शंख-शिंपले खिशात भरून आणावे तसे किस्से भरलेले असतात. माझा खिसा आता फाटायला आलाय.

इथे शिकायला आलेला निनाद म्हणाला, "काका, लिहून काढा ना. मंडळाच्या संक्रांतीच्या अंकाला देऊ." माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला मी लाँचच्या तिकिटांवरून आणि धक्क्यावरच्या पाट्यांवरून शिकलो. तेव्हा हळूहळू लिहितोय, तुम्हीही हळूहळू वाचा.

आधी जागा सांगतो. डुलूथ हे गाव मिनेसोटात, एका तळ्याच्या काठी. तळं म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ दिसत नाही. तळ्यातून बंदरात शिरायला एक अरुंद कालवा आहे, दोन्ही अंगांना काँक्रीटची भिंत. कालव्यावर पूल. बोट आली की हा पूल अख्खाच्या अख्खा लिफ्टसारखा वर जातो. मग त्याच्या खालून हजार हजार फुटांच्या बोटी शिरतात, लोखंडाचं खनिज, चुन्याचे दगड, धान्य वाहणाऱ्या. इतक्या जवळून जातात की बोटीवरच्या माणसाला सकाळी काय खाल्लंस ते विचारता येतं. लोक विचारतातही.

मी कोकणातल्या एका खाडीत अडतीस वर्षं लाँचवर खलाशी होतो. लाँच धक्क्याला लागली की दोर फेकायचा, बांधायचा, सुटताना सोडायचा. मुलगा सुहास इथे एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतो, घरूनच. सून मेधा लॅबमध्ये असते. मे महिन्यात मी त्यांच्याकडे आलो, नोव्हेंबरच्या मध्यावर परतीचं विमान.

आणि नात जुई. ती अशाच एका बोटीवर थर्ड मेट आहे, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांत सगळ्यांत धाकटी. चार वर्षं त्याचं शिक्षण घेतलं, लायसन्स काढलं. सुहासला हे अजिबात पसंत नव्हतं. नोकरी लागल्यापासून तो पोरीशी हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता. घरापासून कालवा दहा मिनिटांवर, पण तिकडे पाय ठेवत नसे. जुईची बोट वर्षभर याला जोडलेल्या खालच्या तळ्यांतच दगड वाहत होती, डुलूथला एकदाही आली नव्हती. सप्टेंबरात तिचा फोन आला, "आजोबा, ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्याकडे येतोय."

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. माझं विमान सुटायच्या आत पोरीची बोट या कालव्यात यावी, आणि ती येताना तिचा बाप भिंतीवर असावा.

* * *

पहिल्याच दिवसाची गोष्ट. मेधा मला भिंतीपाशी सोडून कामावर गेली. घंटा वाजली, पूल वर गेला आणि तळ्यातून एक बोट आली. आमच्या गावातली सगळी घरं ओळीने मांडली असती तरी तिच्यावर जागा उरली असती. हळूहळू ती भिंतीला लगटून जायला लागली.

बोट धक्क्याला येतेय म्हटल्यावर मी उठलो. दोन पाय फाकवून उभा राहिलो आणि दोर झेलायला हात पुढे केले.

अडतीस वर्षांची सवय. मला कळलंसुद्धा नाही. बोट आपली चाललीय, कुणी दोर टाकत नाही, आणि मी हात पुढे करून उभा.

शेजारी घडीच्या खुर्चीत एक लांबलचक म्हातारा बसला होता. तो वॉल्टर. चाळीस वर्षं इथल्या खनिजाच्या धक्क्यावर काम केलेला. तो हसला नाही. उठून माझ्याजवळ आला आणि स्वतःचा उजवा हात माझ्यासमोर धरला. तर्जनी अर्धीच. दोराच्या विळख्यात गेलेली. ते त्याने बोटांनी आवळून दाखवलं.

मी माझा डावा अंगठा दाखवला. नख नाही, आणि तो वाकतही नाही. तोही दोराचाच प्रताप.

त्याने माझा अंगठा नीट बघितला, मान हलवली आणि पिशवीतून दुसरी खुर्ची काढून माझ्यासाठी उघडली.

नावं आम्ही एकमेकांना चौथ्या दिवशी विचारली.

* * *

भिंतीवर राज्य मार्जबाईंचं. सत्तरीच्या असतील. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे सगळ्यांशी मुलांसारखंच बोलतात. फोनवर कुठली बोट कुठे आहे ते दिसतं, शिवाय त्यांच्याकडे एक छोटा रेडिओ आहे, त्यावर बोटीचं आणि पुलाचं बोलणं ऐकू येतं. आणि एक वही. आलेली प्रत्येक बोट वहीत.

एकदा टेक्सासहून फिरायला आलेलं एक मराठी जोडपं भिंतीवर आलं. माझं आणि निनादचं मराठी ऐकून थांबलं. राहायला तिथल्या प्लेनो गावात, बायको मूळची पुण्याची. समोरून हजार फुटी धूड चाललेलं. तो बायकोला इंग्रजीत म्हणाला, "काय शिप आहे बघ."

मार्जबाईंनी मान वळवली. "शिप नाही. बोट."

"एवढी मोठी?"

"समुद्रावरून येते ती शिप. जी तळ्यात जन्मली आणि तळ्यातच राहते ती बोट. कितीही मोठी असू दे."

निनाद मला हे मराठीत सांगत होता. हा निनाद नागपूरचा, इथल्या विद्यापीठात तळ्याच्या पाण्यावर पीएचडी करतो. कालव्याच्या टोकाला त्याचं एक यंत्र बसवलेलं आहे, ते बघायला रोज दुपारी येतो आणि मग आमच्यातच बसतो.

मी म्हटलं, "आमची लाँच खाडीतच जन्मली. समुद्रात कधी गेली नाही. तिला काय म्हणायचं, विचार."

मार्जबाईंनी विचारलं, "किती फूट?"

"चाळीस."

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "मग बोटच. त्याला सांग, तू आमच्यातला आहेस."

प्लेनोचे गृहस्थ म्हणाले, "काका, आम्हाला दहा वर्षं झाली इथे, आम्हाला अजून कुणी असं म्हणालं नाही."

मी म्हटलं, "तुमच्याकडे बोट नसेल."

* * *

जून-जुलैत मी एक खूळ घेतलं होतं. भिंतीच्या पायऱ्यांजवळ एक लोखंडी कडी आहे, पाणी तिच्या कुठवर येतं ते बघायचं. खाडीवरचा माणूस, भरती-ओहोटी बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

वॉल्टर म्हणाला, "दत्ता, हे तळं आहे. तळ्याला भरती नसते."

मी म्हटलं, बरं. आणि बघत राहिलो.

एका दुपारी मी निनादला म्हटलं, "आज पाणी चढलंय. वीतभर."

तो हसला. "काका, पाऊस नाही, काही नाही. काहून चढेल?"

"ते मला काय माहीत. चढलंय. आता तासाभरात उतरेल."

निनादने यंत्राचे आकडे फोनवर काढले. पाणी वीतभर चढलेलं होतं. तासाभराने उतरलं. मग त्याने मला समजावून सांगितलं. तळ्यावर वारा जोरात वाहिला की पाणी एका अंगाला कलतं, ताट तिरपं केल्यावर आमटी जाते तसं. आणि मग परत येतं. त्याची पीएचडी नेमकी त्याच्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या प्रोफेसर मॅडमना घेऊन आला. त्यांनी मला निनादकरवी विचारलं की यंत्राशिवाय तुम्हाला कसं कळलं. मी म्हटलं, "लाँच बांधून ठेवली आणि पाणी चढलं की दोर ढिला करायचा. नाही केला तर लाँच दोराला लटकते. मला तेवढं बघायचा पगार होता."

मॅडमनी हे लिहून घेतलं. माझं नाव विचारलं, स्पेलिंगसकट.

निनाद परत जाताना म्हणाला, "चार वर्षं झाली काका मी हे शिकतोय. तुम्ही खुर्चीत बसून करून टाकलं ना बाप्पा."

वॉल्टर तेव्हापासून कडीकडे बघतो. माझं लक्ष नाही असं बघून बघतो.

* * *

मेधा डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी देते. वॉल्टर आणि मार्जबाई आपापली सँडविचं आणतात. ऑगस्टमध्ये मार्जबाईंनी बोटाने चटणीकडे दाखवलं. मी "लिटल, लिटल" म्हटलं. त्यांनी चमचाभर घेतली आणि सरळ तोंडात टाकली.

पुढचं सांगण्यासारखं नाही. बाई रडल्या नाहीत की बोलल्याही नाहीत, समोर बघत बसल्या. डोळ्यांतून धारा. निनाद पाणी आणायला धावला, वॉल्टरने आपली कॉफी पुढे केली. मी भाकरीचा तुकडा हातात दिला. आमची ही गडबड चाललेली असताना कालव्यातून एक बोट येऊन निघूनही गेली.

मार्जबाईंनी डोळे पुसले, वही उघडली. "कुठली होती?"

कुणालाच माहीत नव्हतं. फोनमध्ये बघून लिहिता आलं असतं. निनादने काढूनही दिलं. पण त्या म्हणाल्या, "डोळ्यांनी बघितली नाही ती मी लिहीत नाही."

त्या दिवशीच्या वहीत वेळ बरोबर लिहिलेली आहे, आणि बोटीच्या नावाच्या जागी इंग्रजीत लिहिलंय, 'चटणी'.

* * *

जुईचा एक किस्सा मी भिंतीवर इतक्यांदा सांगितलाय की वॉल्टर आता शेवटचं वाक्य माझ्याआधी म्हणतो.

जुई नऊ वर्षांची असताना सुट्टीत गावी आली होती. महिनाभर माझ्याबरोबर लाँचवर. तेव्हा मी तिला खुंट्याला दोर बांधायची गाठ शिकवली. ओढली की आवळते, नको असेल तेव्हा एका झटक्यात सुटते. लाँचवर एक हात नेहमी कठड्याला, म्हणून गाठ एका हाताने मारायची. पावसात डोळ्यांवर पाणी, म्हणून डोळे मिटून मारायची. ती तशीच शिकली. तिला वाटलं, गाठ अशीच मारतात.

पुढे तिच्या कॉलेजात गाठींची परीक्षा झाली. मास्तर घड्याळ लावून उभा. बाकीची मुलं दोन्ही हातांनी खटपट करतायत, आणि हिने एक हात पाठीमागे घेतला, डोळे मिटले आणि गाठ मारून मोकळी झाली.

मास्तर म्हणाला, परत कर. हिने परत केली.

"या गाठीचं नाव काय?"

हिला नाव येईना. मी तरी कुठे शिकवलं होतं. आम्ही तिला 'ती गाठ' म्हणायचो.

मास्तर म्हणाला, "हाताला पूर्ण मार्क. नावाला शून्य."

जुई म्हणाली, "सर, माझ्या आजोबांनाही नाव माहीत नाही. पण अडतीस वर्षांत त्यांची बोट एकदाही सुटून गेली नाही."

मास्तराने शून्य खोडलं की नाही ते तिने मला सांगितलं नाही. वॉल्टर म्हणतो, खोडलं असणार. मार्जबाई म्हणतात, खोडायला नको, नाव यायला पाहिजे.

मी हा किस्सा घरी जेवताना सांगितला तेव्हा सुहास ताट घेऊन उठला.

* * *

आता हे थोडं घरातलं आहे, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सुहासला सरळ विचारलं. "पोरीची बोट येतेय. तू येणार ना भिंतीवर?"

"नाही, अण्णा."

"का पण?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी धक्क्यावर उभं राहून झालंय."

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. तो सात वर्षांचा होता. श्रावणातल्या वादळात आमच्या लाँचचं इंजिन बंद पडलं आणि आम्ही खाडीच्या तोंडाकडे वाहत गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मच्छीमार होडीने ओढून आणलं. मी धक्क्यावर उतरलो तेव्हा हा आईचा हात धरून उभा होता. मला वाटलं, बातमी ऐकून आत्ताच आले असतील. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि दोर बांधायला गेलो.

"आदल्या संध्याकाळपासून होतो आम्ही तिथे," सुहास म्हणाला. "आई एक शब्द बोलली नाही. मी तिला विचारत राहिलो, ती बोलली नाही. मी त्या दिवशी ठरवलं, पाण्यावरच्या माणसाची वाट बघायची नाही. पाण्यावरचं माणूसच असू द्यायचं नाही घरात."

पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आईनेही नाही.

मेधा डबा भरत होती, ती म्हणाली, "उभं राहायचं नाही ना तुला? मग जाऊन बस. अण्णांकडे दोन खुर्च्या आहेत."

सुहासला हसू आलं असावं, पण त्याने ते दाखवलं नाही. लॅपटॉप घेऊन वर गेला.

* * *

जुईची बोट मंगळवारी यायची होती. सोमवारी वारा सुटला. मंगळवारी तळ्यावर घरांएवढ्या लाटा, भिंतीवर लोखंडी साखळी लावून रस्ता बंद. मार्जबाईंच्या फोनवर बोट दिसायची, लांब उत्तरेला आडोसा धरून थांबलेली. बुधवारीही तिथेच.

बुधवारी आम्ही चौघंही मार्जबाईंच्या गाडीत काचा लावून बसलो. वॉल्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला गाडीत पाय लांब करता येईना. मी म्हटलं, तू घरी जा. तो निनादला म्हणाला, "त्याला सांग, माझी नात असती तर तो गेला असता का."

घरी सुहास जेवताना फोन बघत होता. मी डोकावलो नाही. वाढताना मेधा म्हणाली, "अजून तिथेच आहे का रे?" तो म्हणाला, "हो." मग चपापून म्हणाला, "काय?"

"भात," मेधा म्हणाली. "पातेल्यात आहे का अजून, विचारलं."

गुरुवारी वारा पडला. अकराच्या सुमाराला भिंतीवर बसलो होतो. मार्जबाईंचा रेडिओ खरखरला आणि त्यातून पोरीचा आवाज आला.

बोट पुलापासून तासभर लांब असली की पुलाला कळवायची पद्धत आहे. ते काम त्या वेळी पहाऱ्यावर असलेल्या अधिकाऱ्याचं. पुलाला बोटीचं नाव सांगितलं, किती वेळात येतोय ते सांगितलं. इंग्रजीत. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज एवढासुद्धा अडखळला नव्हता. शेजारी टुरिस्ट लोक मोठ्याने बोलत होते. मार्जबाई उभ्या राहिल्या आणि शाळेच्या बसमध्ये म्हणत असतील तशा म्हणाल्या, "शांत बसा. त्यांची नात बोलतेय."

सगळी भिंत गप्प झाली. कुत्रीसुद्धा.

पुलावरचा माणूस उत्तरला. रेडिओ बंद झाला. वॉल्टरने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

निनाद म्हणाला, "काका, सुहासदादांना फोन लावू?"

मी म्हटलं, "नको. त्याला ठाऊक आहे."

* * *

पूल वर जायला लागला तेव्हा सुहास आला. वरती इस्त्रीचा निळा शर्ट, खाली घरातला पायजमा, पायात सपाता. मीटिंगमधून उठून तसाच गाडीत बसलेला. ऑक्टोबरची थंडी, अंगात कोट नाही. वॉल्टरने खुर्ची पुढे केली. सुहासने मान हलवली, उभाच राहिला.

"पाच मिनिटंच," तो म्हणाला. "परत कॉलवर जायचंय."

कुणी काही विचारलं नव्हतं.

बोट कालव्याच्या तोंडाशी आली. पुढच्या टोकाला, कठड्यापाशी नारिंगी कोट, डोक्यावर हेल्मेट, हातात रेडिओ. जुई. भिंत किती अंतरावर आहे ते बोलून मागे कॅप्टनला कळवत होती. कॅप्टन पाठीमागे हजार फुटांवर बसलेला, त्याला पुढचं टोक कुठे आहे ते नेमकं सांगणारी आमची पोर. तिने आमच्याकडे बघितलं नाही. नजर पाण्यावर आणि भिंतीवर, तोंडाने आकडे.

सुहासने खिशातून फोन काढला, छातीशी धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. जुई त्याच्यासमोरून सरकली तसा तो भिंतीलगत तिच्याबरोबर चालायला लागला. सपाता फटक फटक वाजतायत, शेजारून बोट चाललीय, आणि दोघांची चाल एक. मला तेवढं भराभर चालवेना. मी जागेवरूनच बघितलं.

मग कॅप्टनने भोंगा दिला. तीन लांब, दोन आखूड. हा मानाचा भोंगा, रोज देत नाहीत. छातीत हलतं. पुलाने तसाच परत दिला, तीन लांब, दोन आखूड. वॉल्टरने टोपी काढली. मार्जबाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली.

बोट पुलाखालून गेली. सुहास पुलापाशी थांबला होता, तिथून परत आला.

मी म्हटलं, "ड्यूटीवर आहे ती. बघणार नाही आपल्याकडे."

"माहीत आहे मला, अण्णा."

पार्किंगमध्ये जाता जाता त्याने तो व्हिडिओ जुईला आणि मेधाला पाठवला आणि मीटिंगला परत गेला.

संध्याकाळी मेधा कामावरून आली तेव्हा तो वर कॉलवरच होता. तिने फोन टेबलावर उभा केला. "चला अण्णा, बघू या." मी चष्मा लावला.

तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. त्यात बोट नाही.

फोनवरच्या मीटिंगमधून उठून आलेला, म्हणून कॅमेरा त्याच्या स्वतःच्या तोंडाकडेच राहिलेला. मागे आभाळ हलतंय, एखाद्या वेळी पुलाचा कोपरा, आणि बाकी सगळा सुहास. सुरुवातीला ओठ घट्ट मिटलेले. मग नजर एका जागी लागते आणि तिथून ढळत नाही. चालायला लागतो. भोंगा वाजतो तेव्हा हनुवटी थरथरते. पुलाने उत्तर दिल्यावर एकदम हसतो, लहान मूल हसतं तसा, आणि शर्टाच्या बाहीला नाक पुसतो. तोंडाने काहीतरी पुटपुटतो, ते भोंग्यात ऐकू येत नाही.

मेधाने परत पहिल्यापासून लावला.

तेवढ्यात सुहास जिन्यावरून खाली आला. "कसा आलाय? मी बघितलाच नाही अजून."

"चांगला आलाय," मेधा म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

त्याचा फोन वाजला. जुई. बोट धक्क्याला लागली होती, मागे खनिज ओतल्याचा खडखडाट ऐकू येत होता. त्याने स्पीकरवर टाकला.

"बाबा, व्हिडिओ मिळाला."

"बोट नीट आलीय ना त्यात? माझा हात जरा हलला."

पलीकडे नुसता खडखडाट.

"सगळं आलंय, बाबा," जुई म्हणाली. "डोन्ट डिलीट इट, ओके?"

"डिलीट कशाला करीन?" सुहास म्हणाला. "मेधा, भात आहे का अजून?"